नवजाताचे दिवस – ९ : ट्रंकेतल्या डांबरगोळ्या

‘बाळाला लाईटखाली ठेवलंय’ हे काविळीबद्दलचं वाक्य उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाच्या जिन्यात कानावर पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा पिवळेपणा बहुतेकदा निरुपद्रवी का असतो, ते मागच्या लेखात पाहिलं. पण काही औषधं त्याला धोक्याचं वळण देतात, आणि ती दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट रक्तातल्या लाल पेशी फोडण्याची; त्या फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं. या पेशींना जपणारं जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम काही बाळांत जन्मतःच कमी असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना त्रास जास्त होतो. सिंधी, पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता अधिक आढळते. उल्हासनगर हे तर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं शहर, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी कावीळ पाहताना ही शक्यता आधी मनात आणावी. मलेरियावरचं प्रायमाक्विन गरोदर स्त्रीला देत नाहीत ते याचसाठी, कारण पोटातल्या बाळाचं एन्झाइम कसं आहे हे ठाऊक नसतं. लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइनही प्रसूती जवळ आली की टाळतात.

पण माझ्या मते घरातला मोठा गुन्हेगार औषधाच्या डब्यात सापडतच नाही. आपल्याकडे बाळाला पहिले दिवस जुनंच मऊ कापड घालतात. आजीच्या सुती लुगड्याची दुपटी, थोरल्या भावंडाची झबली माळ्यावरच्या ट्रंकेतून निघतात, आणि घड्यांमध्ये असतात पांढऱ्या डांबरगोळ्या. त्यातलं नॅफ्थलीन श्वासातून आणि कातडीतून आत जातं, तेलाने माखलेल्या अंगातून तर आणखी लवकर. ज्या बाळात एन्झाइम कमी, त्याच्या पेशी यानेही फुटतात. कपडे धुऊन, उन्हात टाकूनही वास राहिला, तर ते बाळाजवळ नेऊ नका. कापूर-मेंथॉलचे बामही दूरच ठेवा.

दुसरी वाट जास्त फसवी. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बिलिरुबिनला धरून ठेवतं, म्हणून ते मेंदूत शिरत नाही. काही औषधं मात्र गर्दीच्या बदलापूर लोकलमध्ये बसलेल्याला उठवून सीट बळकावावी, तशी अल्ब्युमिनवरची जागा घेतात. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांची तुलना केली. पेनिसिलिनसोबत सल्फा मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि मेंदूत बिलिरुबिन साचलेलं दिसलं. या बाळांच्या रक्तातलं बिलिरुबिन मात्र दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं! बिलिरुबिन रक्तातून निघून मेंदूत पोचलं होतं. म्हणून पिवळ्या नवजाताला आज सल्फा देत नाहीत, आणि सेफ्ट्रिॲक्सोनही टाळतात. घरात उरलेली अँटिबायोटिकची बाटली किंवा केमिस्टने सुचवलेले थेंब बाळाला कधीच देऊ नयेत, ते याचमुळे.

जन्मल्यावर टोचतात त्या व्हिटॅमिन के-ला मात्र उगाच दोष देऊ नका. १९५० च्या दशकात कृत्रिम ‘के’चे भारी डोस बाधले होते. आजचं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन वेगळं आहे, आणि ते नाकारलं तर रक्तस्रावाचा धोका. काविळीची माळ, जडीबुटी, ग्लुकोजचं पाणी यांनी बिलिरुबिन उतरत नाही. आईचं दूध वरचेवर पाजल्याने ते शीतून बाहेर पडायला मदत होते.

पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा मरगळलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशाताई घरी येतात, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पुढेही; त्यांना आईने घेतलेली औषधं सांगा, ट्रंकेचंही सांगा. जी-सिक्स-पी-डीची तपासणी पेशी फुटून गेल्यावर लगेच केली, तर कधी कधी खोटी ‘नॉर्मल’ येते, कारण तेव्हा रक्तात नव्या पेशी जास्त असतात आणि त्यांत एन्झाइम भरपूर असतं. शंका उरली तर दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करून घ्यावी, आणि निकाल बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्यावा.