गळ, शिंगाळी आणि गरम पाणी

कॅनडात म्हणे मासे धरायला जाणाऱ्यांसाठी तळ्याकाठी लाकडी घरं असतात. तिथवर रस्ता नसतो. पाण्यावर उतरणाऱ्या लहानशा विमानानं जायचं. तिथंही गजबज वाटली, तर आणखी आत जंगलात एकेकटं खोपटं मिळतं. आमच्या ह्यांनी हे कुठंसं वाचलं आणि दिवाळीत फटाक्यांऐवजी गळ विकत आणला. विमान काही आमच्या नशिबात नव्हतं. आम्ही कोकण रेल्वेनं माणगावला उतरलो आणि म्हसळ्यावरून एस.टी.नं बोर्ली पंचतनला आलो.

बोर्ली ही आसपासच्या गावांची बाजारपेठ. दिवेआगरला जाणारे पाहुणे इथूनच पुढे जातात. आम्ही मात्र भरडखोलच्या बाजूला, एका कोळी कुटुंबाकडे उतरणार होतो. घरापासून जरा लांब, नारळीखाली बांधलेली एकच खोली, पुढे पडवी आणि समोर खडक. ३ जून २०२०च्या 'निसर्ग' वादळात या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा मावशींच्या घराचंही छप्पर उडालं होतं. ते शाकारल्यावर उरलेल्या पैशांत आणि थोड्या कर्जात ही खोली उभी केली, असं त्यांनी पहिल्याच चहाला सांगितलं.

खरं सांगते, मैत्रिणींनो, मी गेले ती स्वयंपाकातून चार दिवस सुटका मिळावी म्हणून. मासा कुणी का धरेना!

ह्यांनी पहिल्या दिवशी भर दुपारी खडकावर बैठक मारली. दोन तासांत उन्हानं नाक तेवढं लाल झालं. मावशी हसून म्हणाल्या, "आज अष्टमी. आता सुकती हाय. सांजच्याला पानी चढल तवा बसा." मग त्यांनी मला हिशेब शिकवला. तिथीला पाऊणपट करायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, आणि तेव्हा पाण्याला उधाण असतं. अष्टमीचं पाणी भांगाचं, म्हणजे कमी जोराचं. आपल्या घरातल्या कालनिर्णयाचा हा उपयोग मला इतकी वर्षं ठाऊक नव्हता.

संध्याकाळी खरंच गळाला ओढ लागली. चांगली वीतभर शिंगाळी! हे आनंदानं ओरडले, आणि पुढच्याच क्षणी निराळ्या आवाजात ओरडले. शिंगाळीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक असे तीन काटे असतात, आणि ते विषारी असतात. कोळी माणूस आधी ते मोडतो, मग मासा हातात घेतो. ह्यांनी तो फोटोसाठी तसाच मुठीत धरला होता.

हात बघता बघता सुजला. ठणका असा, की एरवी डोकं दुखलं तरी न बोलणारा हा माणूस भिंतीला टेकून रडायला लागला. अंधार पडलेला, शेवटची एस.टी. गेलेली, फोनला धड आवाज नाही. माझ्या पर्समध्ये होती आवळ्याची सुपारी!

मावशींनी चुलीवरचं भाताचं आधण तसंच उतरवलं, त्यात गार पाणी घालून स्वतःचा हात बुडवून पाहिला, आणि मग ह्यांचा हात आत ठेवला. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्यानं पाहायचं. सोसवेल इतकं कढत पाणी हवं, आणि निवत आलं की बदलायचं. या उष्णतेनं ते विष निकामी होतं. घरगुती वाटलं, तरी डॉक्टरही हाच उपाय सांगतात. तासाभरानं ठणका उतरला. तोवर मावशींच्या मुलानं रिक्षा मिळवली. बोर्लीच्या डॉक्टरांनी आत मोडलेला काट्याचा तुकडा काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गरम पाण्यानं बरं वाटलं म्हणून घरीच बसलो असतो, तर तो तुकडा आतच पिकला असता.

अशा ठिकाणी जाताना मी आता तीन गोष्टी आधी विचारते : जवळचा डॉक्टर कुठे, रात्री गाडी कोण आणील आणि जेवण कोण करील. तिसरी यासाठी, की त्या रात्री साडेदहाला आम्हाला गरम भात आणि बांगड्याचं कालवण वाढणाऱ्या मावशी पहाटे चारला बंदरावर मासळी घ्यायला जाणार होत्या. माझी सुटका झाली होती, ती त्यांच्या जिवावर. दुसऱ्या दिवशी मीच भाकऱ्या थापल्या. हे डाव्या हातानं कोळंबी सोलायला बसले. एक डझन सोलायला पाऊण तास!

निघताना मावशी गरम पाण्याचे नि धावपळीचे पैसे घेईनात. मग मी सोडे आणि सुकट घेतली, भाव न करता. गळ त्यांच्या मुलाकडेच ठेवून आलो आहोत. पुढच्या खेपेला एकादशी बघून जायचं ठरलंय. पाऊणपट केलं तर भरती सव्वाआठची येते, म्हणजे ह्यांचा चहा आधी निवांत होईल.