डीएनए क्रमातील पुनरावृत्तींचा संगणकीय शोध : पद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :
डीएनएचा क्रम ए, सी, जी व टी या चार अक्षरांनी दर्शविला जातो. मानवी जीनोममध्ये अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असून त्यांपैकी जवळजवळ निम्मा भाग पुनरावृत्त स्वरूपाचा आहे. हा भाग निरर्थक मानता येत नाही. चौथ्या गुणसूत्रावरील हंटिंग्टन जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यात सी-ए-जी हा त्रिअक्षरी गट सलग २६ वेळांपर्यंत येणे सामान्य होय. तो ४० किंवा अधिक वेळा आल्यास मेंदूचा असाध्य विकार जडतो. म्हणून पुनरावृत्ती शोधणे आणि ती अचूक मोजणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

तंतोतंत पुनरावृत्ती :
प्रत्येक स्थानाची अन्य प्रत्येक स्थानाशी तुलना केल्यास क्रमाची लांबी दुप्पट होताच काम चौपट होते. पीटर वाइनर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘सफिक्स ट्री’ या रचनेने ही अडचण दूर केली. क्रमातील प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतचे सर्व अंत्यखंड या वृक्षात साठविले जातात. उदाहरणार्थ, ‘जी-ए-टी-जी-ए’ या क्रमात ‘जी-ए-टी-जी-ए’ व ‘जी-ए’ या दोन अंत्यखंडांचा आरंभ समान आहे. म्हणजेच ‘जी-ए’ची पुनरावृत्ती झाली आहे. या रचनेत लांबी दुप्पट झाल्यास कामही केवळ दुप्पट होते.

अंशतः समान पुनरावृत्ती :
उत्परिवर्तनामुळे अक्षरे बदलतात, गळतात वा नव्याने शिरतात. त्यामुळे एकाच गटाच्या प्रती तंतोतंत सारख्या राहत नाहीत. गॅरी बेन्सन यांच्या १९९९ मधील ‘टँडम रिपीट्स फाइंडर’ या प्रणालीत प्रथम ठरावीक अंतराने येणारे छोटे समान तुकडे हेरले जातात आणि नंतर संभाव्यतेच्या निकषांवर त्यांची पारख होते.

ही पारख अनिवार्य आहे. चारही अक्षरे यदृच्छेने समप्रमाणात आली असे मानल्यास कोणताही विशिष्ट सहा-अक्षरी गट सरासरी ४,०९६ स्थानांमागे एकदा, म्हणजे संपूर्ण जीनोममध्ये सुमारे ७ लाख वेळा आढळेल. केवळ वारंवारितेवरून जैविक अर्थ सिद्ध होत नाही.

मापनाची मर्यादा :
अल्गोरिदम कितीही कार्यक्षम असला तरी त्याला मिळणारी सामग्री अपुरी असू शकते. प्रचलित लघुवाचन तंत्रात एका वेळी साधारणतः १५० अक्षरे वाचली जातात. सी-ए-जी ५० वेळा आल्यास तोच १५० अक्षरे व्यापतो. दोन्ही कडा एका वाचनात न आल्याने थेट मोजणी अशक्य होते. मानवी जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग दीर्घकाळ अपूर्ण राहिला, त्याचे प्रमुख कारण पुनरावृत्ती हेच होते. हजारो अक्षरांच्या दीर्घ वाचनांच्या साहाय्याने २०२२ मध्ये ही उणीव बव्हंशी भरून निघाली.

निष्कर्ष :
तंतोतंत पुनरावृत्ती शोधण्याचा प्रश्न संगणकशास्त्राने समाधानकारकरीत्या सोडविला आहे. मात्र कोणते साम्य अर्थपूर्ण आणि कोणते योगायोगाचे, हे ठरविण्यास संख्याशास्त्र व जीवशास्त्र यांची जोड लागते. काही मोजक्या प्रतींच्या फरकावर एखाद्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते; अशा ठिकाणी संगणकाने दिलेल्या आकड्याइतकेच त्यामागील गृहीतकांचे ज्ञानही महत्त्वाचे आहे.