एकावेळी एकच सूर

इंग्लंडचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांना त्यांचा पहिला मिनीमोग सिंथेसायझर निम्म्या किमतीत मिळाला. विकणारा होता जॅक वाइल्ड, ‘ऑलिव्हर!’ या १९६८च्या चित्रपटात खिसेकापू पोराची भूमिका करणारा नट. वाद्य बिघडलंय अशी त्याची पक्की समजूत झाली होती, कारण त्यातून एकावेळी एकच सूर निघत होता. दोन पट्ट्या दाबा, चार दाबा, सूर आपला एकच. वेकमन हा किस्सा वर्षानुवर्षं रंगवून सांगत आले आहेत. त्यातला तिखटमिठाचा भाग वजा केला तरी एक गोष्ट उरते. वाद्य धडधाकट होतं, त्याची रचनाच तशी होती.

छोटा ॲनालॉग सिंथेसायझर घ्यायला निघालेल्याने हा किस्सा खिशात ठेवावा. छोटं वाद्य म्हणजे मोठ्या वाद्यातून काहीतरी काढून टाकलेलं वाद्य. काय काय आहे याची लांबलचक यादी माहितीपत्रकात असतेच. काय काढलंय हे मात्र कोणी छापत नाही, आणि स्टेजवर अडचण होते ती नेमकी तिथे.

काढून टाकण्याची ही कला पहिल्यांदा नीट जमली ती न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात. रॉबर्ट मोग यांची कंपनी तिथे मॉड्युलर सिंथेसायझर बनवत असे. ही यंत्रं कपाटाएवढी असत. प्रत्येक कामाचा वेगळा डबा आणि डब्याडब्यांना जोडणारी वायरींची जाळी. १९६८ साली वेंडी कार्लोस यांची मोगवर वाजवलेली ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही रेकॉर्ड तुफान गाजली आणि मोग हे नाव घरोघरी गेलं. पण हजारो डॉलर मोजून असं कपाट घेणार कोण, आणि कार्यक्रमाला नेणार कसं? कीबोर्डवादक कीथ इमर्सनसारखा एखादा बहाद्दर ते स्टेजवर उभं करी, हा भाग वेगळा.

कंपनीतले एक इंजिनिअर बिल हेमसाथ जेवणाच्या सुट्टीत माळ्यावरच्या मोडक्यातोडक्या सुट्या भागांशी खटपट करत बसत. त्यांनी कापून लहान केलेला एक कीबोर्ड घेतला, त्यावर काही मॉड्यूल बसवली आणि वायरी आतल्या आत कायमच्या जोडून टाकल्या. हा ‘ए’ नमुना. पुढे ‘बी’, ‘सी’ असे आणखी नमुने झाले आणि १९७०च्या अखेरीस ठरलं ते ‘मॉडेल डी’, म्हणजेच मिनीमोग. वायरी गेल्या, त्यांच्याबरोबर हजार तऱ्हेच्या जोडण्यांचं स्वातंत्र्यही गेलं. बदल्यात ४४ पट्ट्यांचं, एका माणसाला उचलता येईल असं आणि सुमारे दीड हजार डॉलरचं वाद्य हाती आलं. १९८१ पर्यंत त्याचे १२,०००हून अधिक नग बनले. सिंथेसायझर वाद्यांच्या दुकानात ठेवून विकता येतो, हे या यंत्राने सिद्ध केलं.

त्याचं पॅनेल आजही बघण्यासारखं आहे. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. आधी तीन ऑसिलेटर, म्हणजे कच्चा सूर निर्माण करणारे तीन झरे. मग मिक्सर, त्यात कोणता झरा किती सोडायचा ते ठरतं. मग फिल्टर आणि आवाजाचा चढउतार, शेवटी बाहेर जाण्याची वाट. आवाज ज्या क्रमाने घडतो त्याच क्रमाने नॉब मांडलेले आहेत. नवख्याने तासभर खेळ केला तर एक अक्षरही न वाचता त्याला ध्वनिनिर्मितीचं अर्धं शास्त्र कळतं. आजचे बहुतेक छोटे सिंथ हाच क्रम उचलतात, आणि ज्यांनी तो मोडून एका नॉबवर चार-चार कामं लादली आहेत, ते स्टेजवर घाम फोडतात.

या वाद्याचा प्राण फिल्टरमध्ये आहे. मोग यांना १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकीवर एक रचलेल्या आणि प्रत्येक जोडीच्या दोन बाजूंमध्ये एक कपॅसिटर, अशी चार पायऱ्यांची शिडी. खालून सिग्नल चढतो आणि प्रत्येक पायरीवर त्याच्यातला तीक्ष्णपणा थोडा थोडा गळतो. चार पायऱ्या मिळून सप्तकामागे २४ डेसिबल. ‘कट-ऑफ’चा नॉब डावीकडे वळवत गेलं की करवतीसारखा कर्कश सूर आधी शिंगासारखा होतो, मग बासरीजवळ येतो आणि शेवटी नुसती घुमणारी खर्जातली गुंज उरते. ‘रेझोनन्स’ वाढवला तर कट-ऑफ जिथे असेल तिथल्या कंपनांना धार येते. आणखी वाढवला तर फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो.

गंमत अशी की मिनीमोगच्या त्या प्रसिद्ध भारदस्त आवाजात एका चुकीच्या हिशेबाचाही वाटा आहे. मिक्सरमधून फिल्टरकडे जाणारा सिग्नल ठरवल्यापेक्षा बराच जोरकस ठेवला गेला आणि फिल्टर किंचित फाटू लागला. ते फाटणं कानाला इतकं गोड लागलं की पुढे सगळ्यांनी मुद्दाम त्याची नक्कल केली. ‘ॲनालॉगचा ऊबदारपणा’ असं लोक भक्तिभावाने बोलतात, त्यातला बराचसा भाग म्हणजे असं नेमक्या प्रमाणातलं विकृतीकरण.

आता पुन्हा त्या एका सुराकडे. पाश्चात्त्य वादकाला एकच सूर म्हणजे हात बांधल्यासारखं वाटतं, कारण त्याला कॉर्ड हवे असतात. आपल्याला त्याचं काय? सारंगी, बासरी, सनई, गळा, कोणालाही कॉर्ड लागत नाही. आपल्याला हवी असते मींड, आणि ती पेटीवर येत नाही हे आपलं जुनं दुखणं. मिनीमोगच्या डाव्या हाताशी सूर वाकवण्याचं एक चाक आहे. ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या बँडमध्ये कीबोर्डवादक यान हॅमर त्या चाकावर असे काही सूर ओढत की बाजूची गिटार कुठली आणि सिंथ कुठला हे ओळखणं मुश्कील होई. शिवाय दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर मिनीमोग खालचा सूर वाजवतो. वरचा पंचम धरून ठेवा आणि खालच्या मध्यमावर बोट नुसतं टेकवून उचला. सूर क्षणभर खाली जाऊन परत येतो, मधे कुठेही तुटत नाही. कणस्वराचं अंग असलेल्या वादकाला याहून जास्त काय हवं!

भारतात मोग आला तो तसा लवकरच. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मॉड्युलर मोगचा स्टुडिओ उभा करून दिला. त्यामागे गीता साराभाई होत्या. संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली ती त्यांनीच. तिथे झालेल्या ध्वनिमुद्रणांच्या फिती कित्येक दशकं संग्रहात पडून होत्या. कलाकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात मोग आणणाऱ्या पहिल्या काही वादकांत केरसी लॉर्ड यांचं नाव घ्यावं लागतं. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं ॲकॉर्डियन ज्यांचं, तेच हे केरसी लॉर्ड.

पण छोट्या सिंथचा खरा अवलिया प्रयोग केला मुंबईच्याच चरणजीत सिंग यांनी. १९८२ साली त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. साधनं तीन: रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही रुपेरी रंगाची, वहीएवढी पेटी. टीबी-३०३ बाजारात आणली होती एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ म्हणून. त्या कामी ती साफ फसली आणि १९८४ साली बंद पडली. पण तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. चरणजीतना तिच्यात मींड ऐकू आली. भैरव, ललत, यमन असे राग त्यांनी डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या श्रोत्यांनी डोळे विस्फारले, कारण शिकागोत जन्मलेल्या ज्या ‘ॲसिड हाउस’साठी टीबी-३०३ नंतर अमर झाली, त्याच्या काही वर्षं आधीच हा माणूस मुंबईत बसून तसाच आवाज काढत होता.

आज खिशाला परवडेल असं काय मिळतं? निव्वळ आवाज हवा असेल तर बेरिंगरची ‘मॉडेल डी’ नावाचीच पेटी आहे. मिनीमोगची बिनदिक्कत नक्कल, मूळच्या किमतीच्या मानाने मातीमोल. तीन ऑसिलेटर, तीच शिडी. काढून काय टाकलंय? पट्ट्या, चाकं आणि स्मरणशक्ती. स्टुडिओत कॉम्प्युटरला जोडून बसायचं तर तिला तोड नाही. जमवलेला आवाज जपायला मोबाइलने पॅनेलचा फोटो काढून ठेवायचा, पुढच्या वेळी नॉब तसे लावायचे. स्टेजवर मात्र निवेदकाचं एक वाक्य संपेपर्यंत खर्जाच्या बेसवरून शिट्टीसारख्या लीडवर यायचं असतं, आणि तेवढ्यात वीस नॉब कोणाच्याच हातून लागत नाहीत.

ही आठवणीची अडचण १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने सोडवली, चाळीस आवाज पोटात साठवून. आता ती सोय लहान यंत्रांतही आलीय, पण तिला एक खोच आहे. साठवलेला आवाज बोलावला की ऐकू येणारा आवाज बदलतो, नॉब जिथल्या तिथे राहतात. कट-ऑफ आत मिटलेला आणि नॉब मात्र पूर्ण उघडा. हात लावताच आवाज एकदम उसळतो आणि ध्वनिसंयोजक तुमच्याकडे रागाने बघतो. बऱ्याच यंत्रांत असा पर्याय असतो की नॉब आतल्या मूल्यापाशी येईपर्यंत काहीच होत नाही. तो आधीच निवडून ठेवावा.

कोर्गचा २०१६चा ‘मिनीलॉग’ एकावेळी चार सूर देतो. आठवण भरपूर, रूप देखणं. पट्ट्या मात्र बारीक, आणि सूर वाकवायला चाकाऐवजी तिरकी सरकपट्टी. कॉर्ड वाजवणाऱ्या बँडला तो चोख आहे. त्याचा एकसुरी धाकटा भाऊ ‘मोनोलॉग’ सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे चढवता-उतरवता येतो. तोडीचा अतिकोमल ऋषभ हवा त्या जागी बसवता येतो, म्हणून आपल्याकडे त्याची चौकशी जास्त व्हायला हवी होती. आर्टुरियाचा ‘मायक्रोब्रूट’ शिकायला झकास, पण स्मरणशक्ती शून्य.

स्टुडिओ आणि स्टेज दोन्हीकडे नेता येईल असं एकच वाद्य घ्यायचं झालं, तर माझं मत नोव्हेशनच्या ‘बास स्टेशन टू’ला. एकसुरी आहे. पंचवीसच पट्ट्या, पण पूर्ण आकाराच्या आणि दाब ओळखणाऱ्या. दोन्ही चाकं, १२८ आवाजांची जागा, स्वर हलवण्याची सोय, आणि वेळ पडली तर यूएसबीवरही चालतो. मोगचं नाव त्यावर नाही आणि आवाज थोडा कोरडा आहे, हे कबूल. पण मैफलीत किंवा ऑर्केस्ट्रात नावाची पाटी कोणाला दिसते?

चार बारीकसारीक गोष्टी राहिल्या. जुना ॲनालॉग सिंथ चालू केल्या केल्या सुरात राहत नाही. त्याला तापायला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात आणि मंडपातल्या हॅलोजनखाली तो पुन्हा चढतो. सुरुवातीचे मिनीमोग याबद्दल बदनाम होते. नवे बरेच शहाणे झालेत, स्वतःला आपोआप सुरात आणतात. सुराचा बारीक नॉब पॅनेलवर हाताशी असावा, मेनूच्या पोटात नको. तबला काळी दोनचा म्हणून आणलेला असतो, पण प्रत्यक्षात जरा उतरलेला निघतो आणि सिंथवाल्यालाच त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. अमेरिकेहून कोणी जुनं यंत्र आणून देत असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर चालतं का ते आधी विचारावं. भिंतीत खुपसायचा अडॅप्टर स्टेजवर हमखास निसटतो, म्हणून त्याची वायर वाद्याच्या मागे चिकटपट्टीने बांधावी. आणि दमट हवेत नॉब खरखरू लागतात. पावसाळ्यात महिना-महिना पेटीत बंद ठेवलेला सिंथ दुरुस्तीसाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या करायला लावतो.

दुकानात गेलात की तयार आवाजांची बटणं दाबत बसू नका. ते आवाज विकण्यासाठीच बनवलेले असतात. सगळे नॉब मधे आणा, एकच ऑसिलेटर चालू ठेवा, फिल्टर पूर्ण उघडा. मोबाइलवर तानपुरा लावा आणि मधला सा जुळवा. आता सर्वांत खालचा सा वाजवा, मग सर्वांत वरचा. पट्ट्या कमी असतील तर सप्तक बदलण्याचं बटण वापरा. दोन्ही टोकं तानपुऱ्यात विरघळली पाहिजेत. वरचा सा कणभर जरी चढला किंवा उतरला, तर दुकानदाराला सिंथ पुन्हा ट्यून करायला सांगा, पंधरा मिनिटं थांबा आणि परत तपासा. तेव्हाही तसाच राहिला तर दुसरा नग मागा.