बालकर्करोग-उपचारकेंद्रे : मानक आणि अधिस्वीकृती

'मानक' आणि 'अधिस्वीकृती' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थी योजिले जातात. परंतु मानक म्हणजे अपेक्षित पातळी, तर अधिस्वीकृती म्हणजे ती गाठल्याची तटस्थ संस्थेने दिलेली ग्वाही. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. भारतीय गुणवत्ता परिषदेचे 'एनएबीएच' हे मंडळ रुग्णालयास अधिस्वीकृती देते. तेथे कर्करोगातून किती मुले बरी होतात, हे मात्र त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

२०३० पर्यंत जगातील किमान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. संपन्न देशांत हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक आहे. या तफावतीस उशिरा झालेले निदान, जंतुसंसर्ग आणि अर्धवट सोडलेले उपचार ही प्रमुख कारणे होत. सोलापुरातील नवी पेठेतून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावयाचे तर अंतर सुमारे ४०० किलोमीटर. आणि मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाचे उपचार तर दोन-तीन वर्षे चालतात. उपचार घराजवळ, परंतु समान पद्धतीने मिळावेत, याच हेतूने २०१२ मध्ये 'नॅशनल कॅन्सर ग्रिड' स्थापन झाले.

सारांश, खाटा व यंत्रे मोजणारे, परंतु उपचार सोडून गेलेली मुले न मोजणारे मानक अपुरेच होय.