नाण्यांची संख्या आणि पैशांचे मूल्य
मुलाला शंभरपर्यंत अंक आले की पैसेही मोजता येतात, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः पैसे मोजणे म्हणजे नाण्यांचे नग मोजणे नव्हे, तर त्यांच्या दर्शनी मूल्यांची (नाण्यावर लिहिलेल्या किमतींची) बेरीज करणे होय. विजयदुर्ग बंदरावर बांगड्यांच्या वाट्यात नग पुष्कळ असले, तरी एकटी मोठी सुरमई त्याहून महाग पडते, तसेच हे आहे. आकारही भरवशाचा नाही: २०११च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर, तर पाचाचे २३ मिलिमीटर व्यासाचे असल्याने, मोठे नाणे निवडणाऱ्या मुलाची वाट खरे तर टांकसाळीनेच चुकवली आहे. म्हणून पाचाचे एक नाणे रुपयाच्या पाच नाण्यांशी वारंवार बदलून दाखवावे आणि त्यानंतरच मिश्र नाणी मोजण्यास द्यावीत.