साक्षीदारांसमोरचे वाक्य : बंगळूर, ख्रिस्ती विवाहवचन आणि राष्ट्राची आठवण

राष्ट्राची ऐतिहासिक स्मृती म्हटली की पुतळे, स्तंभ, जयंत्या, रस्त्यांची नावे आणि पाठ्यपुस्तकांतील धडे यांचाच विचार प्रामुख्याने होतो; परंतु कोणत्याही समाजाच्या आठवणीचा मोठा भाग काही ठरावीक वाक्यांत साठवलेला असतो, आणि ती वाक्ये दर पिढीला नव्या तोंडाने म्हणावी लागतात. शाळेतील प्रतिज्ञा हे असे एक वाक्य आहे, तर विवाहाच्या वेळी वधूवरांनी एकमेकांना द्यायचे वचन हे दुसरे. ख्रिस्ती विवाहवचन हा चर्चचा खासगी व्यवहार आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः त्या वचनाची वाक्यरचना भारतीय प्रजासत्ताकाच्या कायद्यात जाऊन बसली आहे, आणि चर्चचे तोंडही न पाहिलेली असंख्य जोडपी विवाहनोंदणी कार्यालयात ती म्हणत आली आहेत. स्मृतीचे हे दोन प्रकार, म्हणजे दगडाची आणि वाक्याची स्मृती, शेजारी ठेवून पाहायचे असतील तर बंगळूरइतके सोयीचे शहर दुसरे नाही.

या शहराच्या इतिहासात १९६४ चा ऑक्टोबर महिना या दृष्टीने लक्षणीय ठरतो. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, मार्च १७९१ मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने आधी बंगळूरची पेठ आणि मग किल्ला घेतला. पेठेच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल मूरहाउस हा अधिकारी मारला गेला, आणि त्याच्यासह या वेढ्यात पडलेल्यांच्या स्मरणार्थ पुढे एक उंच स्तंभ उभारण्यात आला. त्या स्तंभावरून शेजारच्या रस्त्याला सेनोटाफ रोड हे नाव मिळाले. सेनोटाफ म्हणजे ज्याखाली मृतदेह पुरलेला नाही असे स्मारक. ऑक्टोबर १९६४ मध्ये कन्नड कार्यकर्त्यांच्या मागणीवरून बंगळूर महापालिकेने हा स्तंभ पाडला. रस्त्याला नृपतुंगाचे, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव मिळाले, आणि महापालिकेच्या कचेरीसमोर शहराचा संस्थापक केंपेगौडा याचा पुतळा त्याच वर्षी उभा राहिला. मराठी वाचकाने येथे एवढेच ध्यानात ठेवावे की १७९१ च्या त्या मोहिमेत पेशवा आणि निजाम हे इंग्रजांचे दोस्त होते, आणि बंगळूर पडल्यानंतर थोड्याच काळात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या होत्या. पाडलेला स्तंभ परक्यांचा होता हे खरेच. पण त्या युद्धाच्या आठवणीत आपले आणि परके यांची वाटणी इतकी सरळ नाही.

त्याच ऑक्टोबर महिन्यात, त्याच शहरात, केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक भरली होती. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती आणि तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री मो. क. छागला हे तिचे अध्यक्ष होते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या आंध्रातील अधिकाऱ्याने १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली प्रतिज्ञा देशभरच्या शाळांत म्हटली जावी असे या बैठकीत ठरले, आणि २६ जानेवारी १९६५ पासून तिचा प्रघात पडला. महाराष्ट्रात बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी जी प्रतिज्ञा छापलेली असते ती हीच. स्तंभ पाडणे आणि प्रतिज्ञा स्वीकारणे या घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही दगडातील आठवण पुसून तोंडी वाक्याची आठवण देशाला देण्याचे काम एकाच शहरात एकाच महिन्यात घडावे, हा योगायोग अभ्यासकाने दुर्लक्षावा असा नाही.

या प्रतिज्ञेची घडण बारकाईने पाहिली तर तिच्यात भूतकाळ आणि भविष्यकाळ यांची सांधेजोड दिसते. बोलणारा आधी देशाच्या विविधतेने नटलेल्या परंपरांचा अभिमान सांगतो आणि लगेच त्यांना पात्र ठरण्याचा संकल्प करतो. ख्रिस्ती विवाहवचन याच्या अगदी उलट आहे. त्यात भूतकाळाचा उल्लेखच नाही. कुळ, पूर्वज, जात, गाव यांपैकी काहीही नाही. स्वतःचे नाव घेऊन, समोरच्याचे नाव घेऊन, त्या क्षणी त्याचा किंवा तिचा स्वीकार करणे आणि सुखदुःखात व आजारपणात मरेपर्यंत एकनिष्ठ राहण्याचे बंधन पत्करणे, एवढाच त्याचा आशय. प्रतिज्ञा समूहाने, एका सुरात आणि निनावी म्हटली जाते. विवाहवचन एकट्याने, नावानिशी आणि साक्षीदारांसमोर उच्चारावे लागते.

विवाहवचनाला हा आकार एकदम आलेला नाही. विवाह नेमका कशाने सिद्ध होतो, पित्याने कन्या दिल्याने, शरीरसंबंधाने की उभयतांच्या संमतीने, हा वाद मध्ययुगीन युरोपातील धर्मशास्त्र्यांत दीर्घकाळ चालला, आणि बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या काळात वर्तमानकाळी उच्चारलेली परस्परसंमती हाच विवाहाचा गाभा, हे मत स्थिर झाले. लॅटिन परंपरेच्या कॅथलिक धर्मशास्त्रानुसार आजही विवाहसंस्कार वधूवर स्वतःच एकमेकांना देतात आणि धर्मगुरू हा चर्चच्या वतीने उभा राहिलेला साक्षीदार असतो. गुपचूप दिलेल्या वचनांमुळे फसवणूक होऊ लागली, तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये स्थानिक धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती बंधनकारक केली. याहूनही महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. इंग्लंडमध्ये सारा उपासनाविधी लॅटिनमध्ये चालत असतानाही विवाहवचन मात्र लोकभाषेत म्हटले जात असे, कारण संमती देणाऱ्याला आपण कशाला संमती देत आहोत हे कळायलाच हवे. टॉमस क्रॅन्मर याने १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध केला तेव्हा वचनाची वाक्ये त्याला बहुतांशी तयारच मिळाली. त्यात पत्नीकडून आज्ञाधारकपणाचे जादा वचन घेतले जाई. विसाव्या शतकात ते गळत गेले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये आलेल्या कॅथलिक विवाहविधीत दोघांचे वचन शब्दशः सारखेच आहे. स्मारकात असा बदल करता येत नाही. ते ठेवावे लागते किंवा पाडावे लागते. वाक्यातला एखादा शब्द मात्र काढून टाकून बाकीचे वाक्य पुढे चालवता येते.

हे वाक्य भारताच्या आजच्या कायद्यात आले ते १८७२ मध्ये. त्या वर्षी विवाहाचे दोन कायदे झाले. पहिला ख्रिस्ती विवाहांपुरता असून तो आजही लागू आहे. त्याच्या ६० व्या कलमात भारतीय ख्रिस्ती वधूवरांनी परवानाधारक व्यक्ती आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर कोणत्या आशयाचे वचन उच्चारावे हे नमूद केले आहे, आणि त्या वचनात सर्वसमर्थ परमेश्वराची साक्ष व प्रभू येशू ख्रिस्ताचे नाव आहे. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाच्या कायदेसंग्रहात ख्रिस्ताच्या नावाने उच्चारायचे वाक्य असावे, याची फारशी कुणाला कल्पना नसते. याच कायद्याने विवाहविधीची वेळही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधून दिली असून त्यापलीकडे जायचे तर विशेष परवानगी लागते. संध्याकाळच्या मुहूर्तांना सरावलेल्या समाजाला ही अट काहीशी विचित्र वाटावी.

दुसरा कायदा ब्राह्मो समाजाच्या, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या, प्रयत्नांतून झालेला नागरी विवाहाचा. त्याचा लाभ घ्यायचा तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी प्रमुख धर्मांपैकी कोणताही धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. या कायद्याखाली १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नाव होते पंडिता रमाबाई. पश्चिम घाटात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे जन्मलेल्या या मराठी विदुषीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडात. आणि त्या धर्मांतरानंतर महाराष्ट्राच्या आठवणीत तिला जे दुय्यम स्थान मिळाले, त्याचा हिशेब अजून पुरता झालेला नाही. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये विशेष विवाह कायदा नव्याने केला. त्याच्या १२ व्या कलमानुसार कोणताही विधी केला वा न केला तरी चालतो. परंतु विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर, उभयतांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव घेऊन त्याचा पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार केल्याखेरीज विवाह पूर्ण होत नाही. नाव, वर्तमानकाळी स्वीकार, साक्षीदार आणि समजणारी भाषा, हा सारा सांगाडा मध्ययुगीन ख्रिस्ती वचनाचा आहे. फक्त त्यातून देव वगळलेला आहे. इतकेच काय, या विवाहांसाठी लावली जाणारी आणि आज वादाचा विषय झालेली ३० दिवसांची नोटीससुद्धा चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी होणाऱ्या विवाहघोषणेच्या कुळातली आहे. राष्ट्राच्या अधिकृत आठवणीत या उसनवारीची नोंद कुठेच नाही. अर्नेस्ट रनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ च्या आपल्या व्याख्यानात राष्ट्र हे रोजच्या संमतीवर जसे उभे असते तसेच विस्मरणावरही, असे प्रतिपादन केले होते. त्याला हे उदाहरण चपखल बसते.

बंगळूरच्या चर्चमध्ये मात्र विस्मरण सोपे नाही. श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळून इंग्रजांनी १८०९ मध्ये येथे छावणी वसवली. छावणीतील गोऱ्यांसाठी बांधलेल्या सेंट मार्क्स कॅथेड्रलमध्ये आज भारतीय जोडपी वचन देतात ती इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिलांच्या सोबतीने. स्तंभ पाडणाऱ्या शहराने या शिला राहू दिल्या, याचे कारण बहुधा हेच की त्या भिंतींना रोजचा नवा उपयोग आहे. स्वातंत्र्यानंतर सहाच आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि अन्य प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. त्याच्या विवाहविधीत अंगठीबरोबर मंगळसूत्रालाही जागा मिळाली. पाडलेल्या स्तंभाच्या परिसरातच असलेल्या हडसन मेमोरियल चर्चमध्ये कन्नडमधून विवाह होतात. शहरातील सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पूर्वपरंपरेतील कॅथलिक कुटुंबांत, वराने दिलेल्या मंत्रकोडी या साडीचे धागे काढून त्यांत ताली (मंगळसूत्राचे पदक) ओवली जाते.

मंगळूरहून आलेल्या कोकणी कॅथलिकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस चोळण्याचा त्यांचा रोस हा विधी हळदीचाच भाऊबंद. असे देशी लग्नाचार आणि लग्नातील ओव्या गोव्याच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, १७३६ च्या फर्मानाने निषिद्ध ठरवल्या होत्या, तरी त्या टिकल्या. याच समाजाला टिपू सुलतानाने १७८४ मध्ये कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, आणि जे वाचले त्यांची सुटका १७९९ मध्ये टिपूच्या मृत्यूनंतरच झाली. इंग्रजांशी लढता लढता पडलेला टिपू आणि कुटुंबेच्या कुटुंबे बंदिवासात टाकणारा टिपू, अशा दोन आठवणी कर्नाटकात शेजारी शेजारी नांदतात. राज्य सरकारने २०१५ मध्ये टिपू जयंती सुरू केली आणि २०१९ मध्ये दुसऱ्या सरकारने ती बंद केली. परंपरेच्या विविधतेचा अभिमान सांगणारी प्रतिज्ञा मंगळुरी कॅथलिक मूलही म्हणते. तेव्हा त्या विविधतेत त्याच्या पूर्वजांच्या बंदिवासालाही जागा असली पाहिजे. जयंती असावी की नसावी एवढ्यावरच वाद थांबला तर ती जागा कधी तयार होणार नाही.

संमतीच्या बाबतीत चर्चचा कायदा राष्ट्रापेक्षा काटेकोर आहे. कॅथलिक धर्मसंहितेनुसार भीतीपोटी किंवा जबरदस्तीने दिलेले विवाहवचन मुळातच रद्दबातल ठरते. राष्ट्रनिष्ठेच्या वाक्यांना ही कसोटी लावण्याचा प्रसंग केरळमधील यहोवा विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांमुळे आला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मौनाचाही समावेश होतो हे मान्य केले. विवाहवचनात नकाराची मुभा नसेल तर होकाराला किंमत उरत नाही. प्रतिज्ञेच्या बाबतीत वेगळे काही असण्याचे कारण दिसत नाही.

वचन उच्चारून झाल्यावर वधूवर साक्षीदारांसह नोंदवहीकडे वळतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने खरी मौल्यवान वस्तू तीच. विवाहाची तारीख, नाव व आडनाव, वय, अविवाहित की विधुर वा विधवा, हुद्दा किंवा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, पित्याचे नाव आणि शेवटी सह्या, असे रकाने १८७२ च्या कायद्याच्या परिशिष्टातच आखून दिलेले आहेत. इंग्रजी अमलात बंगळूर छावणीतील चर्चच्या नोंदींच्या प्रती मद्रास इलाख्यामार्फत लंडनला जात, आणि त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत; त्यामुळे छावणीतल्या एखाद्या शिपायाच्या लग्नाचा माग त्याच्या इंग्लंडमधील खापरपणतूला घरबसल्या लागतो. त्या नोंदींत आईच्या नावाला रकाना नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक केले. १८७२ च्या त्या परिशिष्टात मात्र विचारले जाते ते पित्याचेच.