डब्यावरचे वॉट आणि गाडीतले वॉट

घरात दोन भाषा असल्या की गाडीतही दोन भाषांची गाणी वाजतात. बेळगावकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पंडित भीमसेन जोशींचे मराठी अभंगही हवेत आणि कन्नड दासवाणीही हवी. माझे माहेर बेळगाव, सासर मात्र वैनगंगेकाठचे बालाघाट. इथेही घरोघरी कुठे मराठी-हिंदी, तर कुठे पोवारी. गाडीतली गाणी मात्र सगळ्यांनाच मोठ्याने हवी असतात!

आमच्या शेजारचा मुलगा कान्हाच्या मुक्की फाटकाकडे पर्यटकांची गाडी चालवतो. हंगामाच्या साठवलेल्या पैशांतून त्याला १००० वॉटचा अँप्लिफायर घ्यायचा होता. "काकू, दुकानदार म्हणतो, चार ओहमऐवजी दोन ओहमवर लावला तर आवाज दुप्पट होतो. खरं का?" मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. कष्टाच्या पैशांचा मामला होता, म्हणून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

आधी साध्या कार स्टिरिओचे पाहू. त्यावर '५० वॉट × ४' असे छापलेले असते. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब मिळतो. १४.४ चा वर्ग केला आणि ४ ओहमने भागला की साधारण ५२ येतात. डब्यावरचा आकडा येतो तो इथून! पण एवढे वॉट आवाज पूर्ण फाटल्यावरच निघतात. स्वच्छ सुरासाठी याच्या निम्मे, म्हणजे २६, आणि आतली गळती वजा केली की हाती उरतात विसेक वॉट.

वेगळा अँप्लिफायर बॅटरीचा दाब आतल्या आत वाढवून घेतो, म्हणून त्याची ताकद जास्त. स्पीकरचा ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तो निम्मा झाला की कागदावर वॉट दुप्पट होतात. प्रत्यक्षात मात्र जास्त प्रवाह ओढताना आतला पुरवठा खाली बसतो आणि उष्णता वाढते. चार ओहमवर १०० वॉट देणारा अँप्लिफायर दोन ओहमवर २०० ऐवजी दीडशेच्या आसपास थांबला, तर नवल नाही. शिवाय स्पीकरचे चार ओहमही स्थिर नसतात. सुराप्रमाणे ते बदलतात, काही खालच्या सुरांवर कितीतरी पट चढतात, आणि तिथे वॉट आपोआप कमी होतात.

आणि आवाज? वॉट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. दुप्पट मोठा वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. त्या एका 'थोड्याशा'साठी दोन ओहमवर अँप्लिफायर तापवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक परीक्षा आहे. अँप्लिफायरचा फ्यूज पाहा. फ्यूज २५ अँपिअरचा असेल, तर २५ गुणिले १४.४ म्हणजे ३६० वॉट आत जाणार. जुन्या पद्धतीचा 'एबी' वर्गाचा अँप्लिफायर त्यातले निम्म्याहून थोडे जास्त बाहेर देतो, म्हणजे दोनशेच्या आसपास. 'डी' वर्गाचा असेल तर तीनशेच्या जवळ. मग डब्यावरचे १००० कुठून येणार? खरेच १००० वॉट सतत काढायचे, तर 'एबी' वर्गाला सव्वाशेहून अधिक अँपिअर लागतील. छोट्या गाडीचा अल्टरनेटर सहसा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

वायरही महत्त्वाची. आमच्या जिल्ह्यात मलांजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, पण बाजारातल्या कित्येक स्वस्त वायरी आतून ॲल्युमिनियमच्या, वरून तांब्याचा मुलामा. चाकूने तार खरवडा, आत पांढरी निघाली तर समजा. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर, चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतही ३० अँपिअरला अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. मुलाम्याच्या वायरीत त्याहून जास्त.

हिशेब पाहून मुलाने चार ओहमवर चालणारा मध्यम अँप्लिफायर घेतला आणि उरलेले पैसे चांगल्या स्पीकरना व जाड वायरीला लावले.

अमेरिकेत १९७४ साली घरगुती अँप्लिफायरचे वॉट कसे मोजून छापायचे याचा सरकारी नियम झाला, पण गाडीतले अँप्लिफायर त्यात नव्हते. पुढे तिथल्या उद्योगसंघटनेने 'सीईए-२००६' हे माप आणले: १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती एक टक्क्याच्या आत. डब्यावर ही खूण दिसली तर आकड्यावर बराच विश्वास ठेवता येतो.

खूण नसेल तर दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा: 'आरएमएस' वॉट किती, किती ओहमवर आणि किती व्होल्टवर? उत्तर फक्त 'मॅक्स, मॅक्स' असेच येत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा. बंद गाडीत चांगल्या स्पीकरवर एका वॉटचे गाणेसुद्धा भरपूर ऐकू येते, मग ते मराठी असो की कन्नड.